पाच कवळ्यांचे भजनी मंडळ

किस्से कोणी मुद्दाम जमवीत नाही. देवघराच्या कोनाड्याला काजळी धरावी तसे ते आपोआप धरतात, आणि एके दिवशी सहज हात लावावा तर पाचही बोटे काळी होतात! आमच्या अर्धापूरच्या भजनी मंडळाचे तसेच झाले आहे. मंडळात आम्ही नऊ जण, आणि नऊ जणांत मिळून पाच कवळ्या. या पाच कवळ्यांनी मला जेवढा मनस्ताप दिला, तेवढा माझ्या मुख्याध्यापकीच्या साऱ्या काळात सगळ्या शाळेने मिळून दिला नाही.

दोष माझाच म्हणायचा. या पाचांतली पहिली कवळी माझी. नांदेडच्या डॉ. सबा मॅडमनी ती बसवली, आणि ती अशी बेमालूम बसली की मी एकेकाला हाताला धरून तिकडे नेले. मॅडमनी प्रत्येकाला झाकणाची एक डबी दिली, पाच जणांना पाच रंगांची, आणि सगळ्यांना समोर बसवून बजावले:

"बाबा, जेवण झालं की कवळी काढून धुवायची. मऊ ब्रश, साधा साबण. टूथपेस्ट नको, त्यानं ओरखडे पडतात. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा, हातातून सटकली तर फुटणार नाही. झोपताना काढायची, डबीत पाण्यात ठेवायची, हिरड्यांना आराम द्यायचा. उकळतं पाणी अजिबात नाही. आणि टोचली, ढिली झाली, तर घरी कारागिरी करू नका, माझ्याकडे या."

एवढेच! ज्यांना अभंगांचे शेकडो चरण मुखोद्गत, त्या मंडळींना या चार गोष्टी पाठ होईनात. तुम्हीच सांगा, याला काय म्हणावे?

* * *

पहिला मान धोंडिबाचा. धोंडिबा आमचा पखवाजी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापल्याखेरीज त्याला घुमारा येत नाही, त्यामुळे दर गुरुवारी धोंडिबा घरून कणकेचा गोळा घेऊन येतो.

एका गुरुवारी तिसऱ्या अभंगाला त्याच्या ओठांच्या कडेने पांढरा लगदा ओघळू लागला. हात पखवाजावर, डोळे मिटलेले, आणि तोंडातून हा प्रकार! मला वाटले, फेस आला. माझा जीव अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपने त्याला नांदेडला नेले.

मॅडमनी कवळी काढली, चिमट्याने तिच्यावरचा वाळका थर खरवडला आणि विचारले, "बाबा, हे कवळी चिकटवायला काय लावलंत?"

"शरबती," धोंडिबा म्हणाला.

"कुठल्या कंपनीचं?"

"कंपनीचं न्हाई, मॅडम. घरचा गहू हाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहिले.

"कवळी ढिली झालती," धोंडिबा शांतपणे समजावू लागला. "पखवाजाला लावून कणीक उरली व्हती. म्हणलं, हिकडं बी लावून बघावं. वाया कामून घालवायची?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "बाबा, दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं. मग कवळी ढिली होणारच. म्हणून तर वर्षातून एकदा दाखवायला या म्हणते. कणीक तोंडात सडते, त्यानं हिरड्या खराब होतात!"

"हाव, मॅडम," धोंडिबाने मान हलवली. "पर दोन अभंग लई घट्ट बसली हो!"

* * *

किशनरावांचे दुखणे वेगळे. केळीच्या बागांचे मालक, आचारविचाराला कडक, एकादशी कधी चुकली नाही. त्यांच्या वरच्या हिरडीला जखम होई, आठ दिवसांत भरून येई, आणि पुन्हा होई. मॅडमनी कवळी तीन वेळा तपासली. कवळीत दोष सापडेना.

"सर, मला एक कळत नाही," त्या मला म्हणाल्या. "जखम बरोबर पंधरा दिवसांनीच कशी होते?"

पंधरा दिवस म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या एकादशीला सकाळीच किशनरावांच्या घरी धडकलो. पाहतो तो, त्यांच्या तोंडात रोजची कवळी नाहीच! दहा वर्षांपूर्वीची, दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेली, पिवळी पडलेली जुनी कवळी बसवून गृहस्थ भगर खात होते.

"किशनराव, हे काय?"

"ही उपवासाची कवळी, गुरुजी," ते म्हणाले. आवाजात जराही संकोच नाही. "रोजच्या कवळीनं काल ज्वारीची भाकर खाल्ली. आज तीच तोंडात ठेवून एकादशी कशी करावी?"

"आणि जीभ? काल भाकर खाल्ली ती जीभ आज बदलली का?"

ते विचारात पडले. "जिभेला चूळ भरून घेतो."

"मग कवळीलाही घासून, धुऊन घ्या! मॅडम गेली दोन वर्षे दुसरे काय सांगत आहेत? ही जुनी कवळी आता तुमच्या जबड्याची राहिलेली नाही. ती टोचते, जखम करते. अशी जखम वरचेवर होणे चांगले नव्हे."

किशनरावांनी मला वचन दिले. जुनी कवळी त्यांनी माझ्या स्वाधीन केली. मी समाधानाने घरी आलो.

पुढच्या एकादशीला ते भजनाला आले ते बोळक्या तोंडाने. रोजची कवळी घरी, जुनी माझ्या कपाटात.

"अहो, मग दिवसभर खाणार काय?" मी ओरडलो.

"गुरुजी," ते म्हणाले, "अर्धापुरात राहून राहिलो. केळाला दात कामून लागतात?"

* * *

शाळेत मी वह्या तपासत असे, तशा एकदा डब्या तपासायचे ठरवले. गुरुवारी भजन आटोपल्यावर म्हणालो, "प्रत्येकाने आपापली डबी काढा."

डब्या निघाल्या, हे विशेष. प्रत्येकाजवळ डबी होती आणि ती तो जिवापाड जपत होता.

धोंडिबाच्या निळ्या डबीत तंबाखू. किशनरावांच्या पिवळ्या डबीत कापूर. गंगाधर अप्पांच्या लाल डबीत सुपारीची खांडे. आणि ज्याला कवळी आहे त्याने सुपारी का खावी, हा प्रश्न मी तेथे विचारलासुद्धा नाही. माधवबुवांच्या पांढऱ्या डबीत अष्टगंध.

माधवबुवा म्हणजे आमच्या मंडळाचे प्राण. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी गळ्यात वीणा घेऊन काल्याचे भजन तेच म्हणतात. मी गावात आलो तेव्हापासून दुसऱ्या कोणाच्या गळ्यात त्या दिवशी वीणा पाहिलेली नाही. आवाज आता पातळ झाला आहे, पण नाम उच्चारताना ते असे उच्चारतात की ऐकणाऱ्याला आपले तोंड धुऊन यावेसे वाटते.

"बुवा, तुम्हीसुद्धा?" मी म्हणालो.

"झाकण लई घट्ट हाय, गुरुजी. गंध वाळत न्हाई." मग त्यांनी हसून विचारले, "तुमची डबी कुठं हाय?"

"घरी. कपाटात."

"अन् तीत काय ठेवता?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"म्हंजी भाईर कुठं कवळी काढतच न्हाई का तुमी?"

मी विषय बदलला. खरे सांगायचे तर कवळी बसल्यापासून माझे बोळके तोंड आरशाखेरीज कोणी पाहिले नव्हते. घरातसुद्धा मी मोरीचे दार लावून कवळी धुतो. आयुष्यभर मुलांना शुद्ध उच्चार शिकवले. त्या माणसाचे तोंड असे मिटलेल्या बटव्यासारखे दिसावे, हे मला सोसणारे नव्हते.

* * *

गंगाधर अप्पा सहा महिने आमच्यात आणि सहा महिने लातूरला मुलाकडे असतात. लातूरहून आले की त्यांची कवळी हटकून आवळलेली. एकदा तर कडेला तडाच गेला. कारण शोधले, तर अप्पा तिकडे कवळी पाण्यात न ठेवता वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवीत.

"अप्पा, ती कोरडी पडली की तिचा आकार बिघडतो. पाण्यातच ठेवायची असते!"

अप्पा उसळले. "गुरुजी, तुमाला बोलाया काय जातंय? लातुरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतंय. सून हंडे मोजून वापरती. माणसांना आंघोळीची पंचाईत, अन् मी दातांना रोज आंघोळ घालू?"

त्यांचे खोटे नव्हते. मी समजावले, "अर्धा पेला पाणी पुरते. कवळी बुडाली म्हणजे झाले. सकाळी ते पाणी फेकू नका, एखाद्या झाडाला घाला. वाया जाणार नाही."

हे अप्पांना पटले. तेव्हापासून त्यांच्या लाल डबीतून सुपारी गेली आणि पाणी आले. पाचांपैकी एक तरी सुधारला, म्हणून मी त्या दिवशी देवापुढे जास्तीची वात लावली.

दोन महिन्यांनी लातूरहून त्यांचा फोन. आवाजात नुसता आनंद.

"गुरुजी, तुमचं ऐकलं ते लई बेस झालं! रोज सकाळी ते पाणी घालून राहिलो. वृंदावनातली तुळस कशी टरारून आली म्हणता!"

* * *

आता माझा किस्सा. तो मी सांगितला नाही तर मंडळातले कोणीतरी सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

किल्लारीला आम्हाला भजनाचे आमंत्रण होते. आधी जेवण, मग भजन. यजमानांनी मोठ्या प्रेमाने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. पाचव्या घासाला दाण्याचा एक कण कवळीखाली शिरला. जेवण झाल्यावर कवळी काढून खळखळून धुतली असती, तर प्रकरण तिथेच मिटले असते. तोच तर नियम! मीच तो गावभर सांगत होतो. पण अंगणात हात धुवायला पन्नास माणसे उभी.

मी तसाच भजनाला बसलो. तो कण टाळूला असा रुतला की प्रत्येक चरणाला डोळ्यांत पाणी येई. लोकांना वाटले, गुरुजींना भाव दाटून आला. दोन बायांनी माझ्या पाया पडून घेतले.

परतीच्या जीपमध्ये बुवा माझ्या शेजारी होते. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघून हळूच म्हणाले, "गुरुजी, काढा की. आपलीच माणसं हैत."

"काही झालेले नाही," मी दातांवर दात ठेवून म्हणालो. दातांवर दात ठेवल्यावर तर तो कण आणखी आत गेला.

तिसऱ्या दिवशी मॅडमपुढे तोंड उघडले. त्यांनी आत पाहिले आणि त्या नुसत्या म्हणाल्या, "तौबा! सर, तुम्हीपण?"

त्या दिवसापासून त्यांच्या हुकमाने माझी हिरवी डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. असते, पण घराबाहेर ती कधी उघडली नव्हती.

* * *

यंदाच्या सप्ताहाला आठ दिवस उरले असताना बुवांच्या पत्नी पारूवहिनी धावत माझ्याकडे आल्या. पदराखाली काहीतरी झाकलेले. पदर बाजूला केला, तर बुवांची कवळी! वरची पट्टी केळीच्या सालासारखी पिळवटलेली.

"गुरुजी, सप्ता हाय म्हणून ह्यांनी सोवळ्यात करायला घेतली. उकळत्या पाण्यात टाकली. म्हणले, कशी शुद्ध व्हती बघ!"

मी ती कवळी घेऊन देवळात गेलो. बुवा इतर मंडळींबरोबर टाळ पुसत बसले होते. माझा तोल सुटला. सगळ्यांसमोर म्हणालो, "बुवा, अडाणीपणाला काही सीमा असते! उकळते पाणी नको, हे तुम्हाला किती वेळा सांगितले? पहिलीच्या पोराला एवढ्यांदा सांगितले असते तर त्याच्या ध्यानात राहिले असते!"

बुवा कवळीकडे बघत राहिले.

मी त्यांना नांदेडला नेले. मॅडम म्हणाल्या, ही आता दुरुस्त होणार नाही, नवी करायला तीन-चार आठवडे तरी लागतील. बुवांनी मान हलवली. येताना जीपमध्ये ते बाहेरच्या बागांकडे बघत होते. अर्धापूर आले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, काल्याचं भजन औंदा तुमी म्हणा."

"असे कसे, बुवा?"

"फाटकं नेसून कुणी देवाम्होरं जातं का? मग फाटकं नाम कसं न्यावं? तुमचे दात नीट हैत." क्षणभर थांबून म्हणाले, "तुमी काळजी घेतली. आमी घेतली न्हाई."

मी खिशातली हिरवी डबी चाचपली.

* * *

काल्याच्या दिवशी भर दुपारी देऊळ माणसांनी फुलले होते. मॅडमनाही आम्ही आमंत्रण दिले होते. त्या शेवटच्या खांबापाशी पारूवहिनींशेजारी बसल्या होत्या. बुवा आले, पण मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. उपरण्याचा शेव तोंडावर धरलेला.

वीणा माझ्या गळ्यात होती. धोंडिबाने पखवाजावर थाप दिली. मी तोंड उघडले, आणि शब्द फुटेना. समोर देव, मागे बुवा, आणि मध्ये माझे नीट बसवलेले दात!

मी बुवांकडे वळून हात केला. त्यांनी मान हलवली. पुन्हा हात केला. त्यांनी उपरणे आणखी वर ओढले.

तेव्हा मी खिशातून हिरवी डबी काढली. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी तीर्थाची घागर होती, तिच्यातले दोन पळ्या पाणी डबीत घेतले. मग सगळ्या गावाकडे तोंड करून कवळी काढली, डबीत बुडवली, झाकण लावले आणि डबी उंबऱ्यावर ठेवली. दुसरी जागाच नव्हती.

पहिला उठला धोंडिबा. निळ्या डबीतला तंबाखू त्याने खिशात ओतला, डबी घासून धुतली, पाणी घेतले, कवळी बुडवली. मग किशनराव, त्यांनी कापूर आरतीच्या ताटात उपडा केला. अप्पांची लाल डबी काठोकाठ भरलेली होती, त्यांनी नुसते झाकण उघडले. चार डब्या उंबऱ्यावर ओळीने बसल्या, झाकणे घट्ट.

मी मागच्या रांगेत गेलो आणि वीणा बुवांच्या गळ्यात घातली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमी लई येगळे दिसता हो!"

आणि उभे राहिले. आवाज फाटला, अक्षरे गळाली, काही शब्द नुसते वाऱ्यासारखे गेले. आम्ही चौघांनी अभंग तसाच धरला. नऊ जणांत कोणाचे काय चुकत होते, ते कळायला मार्ग नव्हता. खांबापाशी मॅडमनी ओढणी डोळ्यांना लावली होती.

भजन संपता संपता पुजारीबाबा नैवेद्याचे ताट घेऊन आले. त्यांची नजर आता अधू आहे. हाताने चाचपून सगळे करतात. ताट ठेवताना त्यांचा हात उंबऱ्यावरच्या डब्यांना लागला. त्यांनी एक-एक करून चारही डब्या आत देवापुढे मांडल्या, प्रत्येकीच्या झाकणावर तुळशीचे पान ठेवले, भोवती पाणी फिरवले, घंटा वाजवली आणि पडदा ओढला.

मी धडपडत पुढे गेलो. "बाबा, अहो बाबा, त्या डब्या..."

पुजारीबाबांनी पडद्याबाहेर हात काढून मला थांबवले.

"दमा जरा, गुरुजी. देवाचं जेवण चालू हाय. त्याचं झालं की सगळ्यांना वाटतो."